एडीएचडीच्या तपासणीला आईला सोबत न्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कॉलेजातल्या पोरापोरींशी, पण घरी रेडिओ लावून बसलेल्या आईबाबांनी पण ऐका, कारण हे काम एकट्या पोराच्यानं होत नाही.

विषय आहे एडीएचडीची तपासणी. एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष टिकत नाही, हातात घेतलेलं पुरं होत नाही, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण बोलून मोकळे, आणि हे आजकालचं नाही तर लहानपणापासूनचं. आता रील्स पाहून पुष्कळांना वाटून राहिलं की मला पण हेच आहे, तर रील म्हणजे तपासणी नाही. आणि तपासणी म्हणजे मेंदूचा फोटो काढतील असंही नाही. रक्त तपासायला सांगितलं तर ते थायरॉईड, हिमोग्लोबिन पाहायला, कारण त्यानं पण माणूस सुस्त होतो, विसरतो. बाकी सगळं बोलणं, खोदून खोदून विचारणं.

डॉक्टर लोक बहुतेक डीएसएम-५ चे, म्हणजे मानसिक आजार ओळखायच्या अमेरिकन पुस्तकाचे, निकष धरतात, २०१३ चे. त्यात लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि चंचलपणा, उतावळेपणाची ९. वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर एका तरी गटातली कमीत कमी ५ लागतात, ६ महिने तरी टिकलेली, घरी आणि कॉलेजात अशी दोन्हीकडे दिसणारी, आणि त्यानं रोजची कामं खरंच अडत असली पाहिजेत. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यातली काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. आता एकोणीस-वीस वर्षाच्या पोट्ट्याला चौथी-पाचवीतलं काय आठवणार? आईला आठवतं.

माझ्या तपासणीला माझी आई यायलाच तयार नव्हती. "काहून? दहावीत एवढे मार्क पडले तेव्हा कुठं होतं हे?" प्रश्न तिचा रास्त आहे, घरोघरी हाच निघतो. पण दहावीपर्यंत आई बाजूला बसून अभ्यास घ्यायची, ट्यूशनच्या मॅडम रोज वही पाहायच्या, उठवायचं कोणी, डबा भरायचं कोणी. कॉलेजात गेल्यावर हे सगळं एकदम सुटतं, सबमिशनची तारीख आपणच लक्षात ठेवायची, आणि तिथंच गाडी अडते. त्यात मुलगी असेल, वर्गात गुपचूप खिडकीबाहेर पाहत बसणारी, कोणाला त्रास न देणारी, तर शाळेतून तक्रार येतच नाही. अशा किती पोरी सुटून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी आई आली, आणि दिवाणातून जुनी प्रगतिपुस्तकं काढून पिशवीत घेऊन आली. चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता, "हुशार आहे. वह्या अपूर्ण. वर्गात लक्ष नसते." सायकॉलॉजिस्ट मॅडमनी तो आपल्या कागदावर जसाच्या तसा उतरवून घेतला. मग आईला विचारलं, डबा, पाण्याची बाटली घरी परत यायची का? "बाप्पा, विचारूच नका," आई म्हणाली, आणि जी सुरू झाली, एक पान शुद्धलेखन जेवणं आटोपली तरी चालूच असायचं, पेपरात शेवटचं पान उलटून पाहिलंच नाही म्हणून मार्क गेले, शेजारच्या काकूंकडे साखर आणायला पाठवलं तर तिथंच खेळत बसली. माझ्याहून जास्त ती बोलली. निदान झालं त्यात तिच्या या बोलण्याचा मोठा वाटा आहे.

तुम्ही जाल तेव्हा झोप किती, रात्री मोबाईल किती, खर्रा, सिगारेट, दारू असेल तर तेही खरं खरं सांगा. डिप्रेशन, घबराट, अपुरी झोप यातही लक्ष लागत नाही, आणि उपाय वेगळे आहेत. १८ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, डब्ल्यूएचओचा, पण तो नुसती चाळणी आहे. फॉर्म भरून घेऊन दहा मिनिटांत कोणी गोळ्या लिहून दिल्या तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, लाजू नका.

आपल्याकडे नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत, तिकडे मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहे. सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, समुपदेशन करतात, औषध मात्र सायकियाट्रिस्टच, म्हणजे मानसोपचाराचे डॉक्टरच लिहितात. लोक काय म्हणतील ही भीती असते, मला माहीत आहे, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिला आहे, डॉक्टर उठून कॉलेजला कळवत नाहीत.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध लिहून दिलं तर चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही, म्हणून संपायच्या आधीच पाहून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटनं मागितली तरी ती गोळी त्याला देऊ नका, कितीही जवळचा असला तरी.

आणि घरी विषय काढायची हिंमतच होत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर लिहून घ्या, १४४१६. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईसमोर कसं बोलू, हे पण त्यांना विचारा. नमस्कार.