शटरच्या आतला पावसाळा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, ओठ फुटतात, दारांची लाकडं आक्रसतात, कूलरशिवाय दुपार निघत नाही. अशा आपल्या खान्देशात मी आज हवेतलं पाणी काढून टाकणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे डीह्युमिडिफायरबद्दल बोलणार आहे. कारण जुलै ते सप्टेंबर या काळात आपल्या शटरच्या गॅरेजमध्ये काय होतं, ते माझ्या टेबलावर रोज येतं. माझं काम मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतल्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग) नव्यानं भरण्याचं.

विहिरीवरून काढलेली मोटार उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडून असते. श्रावणात गरज लागते, जोडतात आणि ती शॉक मारते किंवा फ्यूज उडवते. मी उघडतो तेव्हा तार जळालेली नसते. वाइंडिंगवरचा कागद बोटाला मऊ लागतो, बेअरिंगच्या कडेला गंजाची लालसर पूड असते, मेगर, म्हणजे तारेवरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारा मीटर, लावला तर रीडिंग एका मेगओहमच्याही खाली, म्हणजे फारच कमी. वाइंडिंग फक्त सादळलेली असते. १०० वॅटचा पिवळा बल्ब आत सोडून रात्रभर वाळवली की बऱ्याच मोटारी पुन्हा उभ्या राहतात. पण तोच दमटपणा स्टार्टरला, ड्रिल मशीनला, फवारणीच्या पंपाला आणि गाडीच्या वायरिंगलाही खात असतो. युरियाची उघडी गोणी दगडासारखी होते ती याच हवेनं.

गॅरेजमध्ये ओल किती आहे हे अंदाजानं ठरवू नका. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर फार महाग नसतो, पण तोही नसेल तर वाटीभर साधं मीठ जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी सोडू लागतं. लोखंडावर गंज मात्र त्याच्या आधीच, ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर जोर धरतो. ७० च्या वर दिवसेंदिवस राहिली की चामड्यावर, पुठ्ठ्यावर, गाडीच्या सीटवर बुरशी धरते आणि तो कुबट वास येतो. म्हणून गॅरेजमध्ये आकडा ५० ते ५५ च्या आसपास राहिला की पुरे. त्याहून खाली ओढत बसण्यात नुसती वीज जाते.

आता यंत्र. एसीच्या पाइपमधून पाणी ठिबकताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हेही तसंच चालतं, फक्त थंड कॉइल आणि गरम कॉइल दोन्ही एकाच डब्यात असतात. पंखा दमट हवा ओढतो, थंड कॉइलवर वाफेचं दव होतं, ते टाकीत पडतं आणि तीच हवा गरम कॉइलवरून कोरडी होऊन परत खोलीत येते. म्हणजे खोली थंड होत नाही, थोडी गरमच होते. आपला कूलर हवेत पाणी घालतो, हे यंत्र काढतं.

पण यंत्र आणण्याआधी एक हिशोब करा, कारण पैसे इथेच वाया जातात. १० बाय १८ फुटांचं, ९ फूट उंच गॅरेज धरा. बाहेर पावसाळी हवा, तापमान २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. एवढ्या खोलीतल्या हवेत सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तरंगत असतं. ते ५५ टक्क्यांवर आणायला ३५० ते ४०० मिलीलिटर काढावं लागतं. फार नाही. पण शटरच्या खालून, बाजूच्या पट्ट्यांतून तासाला एकदा जरी खोलीतली सगळी हवा बदलली, तर दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी नुसतं त्या फटींतून आत येणार. यंत्रावर छापलेले लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात. हवा कोरडी होत आली की ते जवळपास निम्म्यावर येतात. फटी उघड्या ठेवून यंत्र लावणं म्हणजे तळ फुटलेल्या रांजणात पाणी भरणं. शटरच्या खाली रबरी पट्टी, बाजूला ब्रश पट्टी, छताजवळच्या जाळीला पावसाळ्यापुरतं झाकण, एवढं आधी करा.

ओल आत येण्याची दुसरी वाट जमिनीची. आपल्या काळ्या मातीत पाणी फार काळ धरलं जातं आणि ते जोत्यातून वर चढतं. भिंतीला खालून लोणा लागला असेल, पोपडे सुटत असतील तर हीच खूण. फरशीवर दोन फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी जमिनीतून येतंय, वरच्या बाजूला दिसले तर हवेतून. जमिनीतून येत असेल तर यंत्र रोज टाकी भरत राहील आणि भिंत ओलीच राहील. तिथे आधी गवंडी लागतो.

तिसरी वाट आपणच उघडतो. जूनमध्ये कूलर बंद झाला की ओलं गवत लावूनच तो गॅरेजच्या कोपऱ्यात ढकलला जातो. ते गवत उन्हात कडक वाळवा, टाकी कोरडी करा, मगच आत न्या. पावसातून आलेली गाडीही आत घ्यायच्या आधी पुसून घ्या आणि फरशीवरचं पाणी वायपरनं बाहेर काढा.

एवढं झाल्यावर यंत्र लावा, आणि दिवसभर शटर उघडं असेल तर चालवू नका. ३०० वॅटचं यंत्र दहा तास चाललं तर तीन युनिट. टाकी भरली की ते आपोआप थांबतं, म्हणून शक्य असेल तर नळी उताराला लावून बाहेर सोडा. वीज जाऊन आली तर लगेच चालू-बंद करू नका, कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं द्या. जाळीवर आपल्याकडे धूळ लवकर बसते, पंधरवड्याला धुवा. टाकीतलं पाणी झाडांना चालेल, पण पिऊ नका आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका, त्यात कॉइलची धूळ आणि धातू उतरलेले असतात. आणि ते साठवून ठेवू नका, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. पेट्रोलचा कॅन किंवा थिनर असलेल्या बंद खोलीत हे यंत्र चालवू नका, स्विचची ठिणगी पुरते. आणि पाणी घालायची इन्व्हर्टर बॅटरी तिथे चार्ज होत असेल तर तिला हवा लागते, तिच्यातून हायड्रोजन निघतो. अशी बॅटरी आधी दुसरीकडे हलवा, मग फटी बुजवा.

दादर ज्वारी, गहू, डाळी मात्र यंत्राच्या भरवशावर उघड्या पोत्यात ठेवू नका. धान्य आधी कडक उन्हात वाळलेलं असावं आणि घट्ट झाकणाच्या कोठीतच जावं.

नवरात्रानंतर ऊन तापू लागलं आणि हायग्रोमीटर दुपारी काही दिवस सलग ५० च्या खाली राहिला, की यंत्र बंद करा. टाकी रिकामी करून पुसा, जाळी धुऊन वाळवा आणि यंत्र आडवं न टाकता उभंच झाकून ठेवा. छताजवळच्या जाळीवरचं झाकण काढायला विसरू नका, उन्हाळ्यात त्या खोलीला वारा हवाच.

नमस्कार.