लोणारचे झरे आणि झऱ्यांकाठची देवळे

पडद्यावर दिसते आहे ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून त्याच्या काठावर, उतारावर आणि तळाशी अनेक प्राचीन देवळे विखुरलेली आहेत. भाविक या स्थळाचा संबंध विष्णूने केलेल्या लवणासुराच्या वधाशी जोडतात. देवळांच्या जागा मात्र पाण्याने ठरवल्या असाव्यात, असे इथला कातळ पाहिल्यावर वाटते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. पावसाचे पाणी या थरांमधील भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत मुरते, आणि एरवी विहीर खणल्याशिवाय ते हाती लागत नाही. लोणारला आघाताने हेच थर उभे चिरले गेल्यामुळे ते कड्यातून झऱ्यांच्या रूपाने आपोआप बाहेर पडते. ईशान्येकडची बारमाही धार त्यांपैकीच एक. गोमुखातून पडणाऱ्या तिच्या पाण्याभोवती कुंड आणि देवळांचा समूह दाटीने उभा आहे. खाली तळ्याचे पाणी इतके खारट आणि अल्कधर्मी आहे की ते पिण्याच्या कामाचे नाही. तरीही त्याच्याच काठी कमळजा देवीचे देऊळ आहे. तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी लागते, असे गावकरी सांगतात.

गावातील दैत्यसूदन मंदिराच्या बाह्य भिंती जवळून पाहाव्यात. काळ्या दगडातील मूर्तींचे दागिने आणि वेलबुट्टी आजही ठसठशीत आहेत. विवरातील देवळेही काळ्या दगडाचीच आहेत, परंतु झऱ्यांच्या ओलाव्यावर पोसलेल्या दाट झाडीने तिथे वेगळीच परिस्थिती निर्माण केली. चिऱ्यांच्या सांध्यात रुजलेले झाड वाढते, मूळ जाड होते आणि चिरे हळूहळू जागचे हलतात. इथली कितीतरी पडझड अशीच झालेली दिसते.

तळ्याला बाहेर पडणारा ओढा नाही. आत आलेले पाणी मुख्यतः वाफ होऊनच जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणूनच अलीकडच्या वर्षांत पातळी वाढत गेली, तेव्हा खारे पाणी थेट कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पोहोचले, आणि त्या पाण्यात भर घालणारे स्रोत होते विवराच्या भिंतीतले हेच गोडे झरे.