फी भरण्याआधीचं वर्ष

[पहाट. कौलारू घर. पडवीत एकच बल्ब.]

पाटण तालुका. कोयनेच्या खोऱ्यातलं धुकं अजून उठलेलं नाही. बारावीची परीक्षा दीड महिन्यावर आलीय आणि ही मुलगी साडेपाचलाच जीवशास्त्र घेऊन बसलीय. आई चुलीपाशी आहे, वडील गोठ्यात. "निकाल लागू द्या, मग नाव सांगा," असं आईनं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून या फिल्ममध्ये तिचं नाव नाही.

तिला पॅरामेडिक व्हायचंय. म्हणजे रुग्णवाहिकेत रुग्णाच्या उशाशी बसून दवाखाना येईपर्यंत त्याला सांभाळणारं माणूस. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. त्यातली एक दोन वर्षांपूर्वी हिच्या आजोबांना न्यायला आली होती.

[घाटातलं वळण. रिकामा रस्ता. पाच सेकंद आवाज नाही.]

ती रुग्णवाहिका या वळणापर्यंत आली होती.

[वहीचा क्लोजअप.]

ही वही नीट बघा. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. अकरावी सायन्सला सगळं एकदम इंग्रजीत आलं. मग तिनं पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे फीमर, उजवीकडे मांडीचं हाड. ट्रेकिया, श्वासनलिका. पुढच्या पानावर शब्दांचे तुकडे आहेत. टॅकि म्हणजे जलद, ब्रॅडि म्हणजे मंद, कार्डि म्हणजे हृदय. टॅकिकार्डिया हा शब्द तिला पाठ करावा लागला नाही, तिनं तो जुळवून ओळखला. अशी एकोणसत्तर पानं झालीत. क्लास नाही, गाईड नाही. बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा पाया कच्चा राहिला, तर पुढे शरीररचना आणि औषधशास्त्र दोन्ही जड जातात, म्हणून वर्षभर हीच मेहनत चाललीय.

[देवळाचा सभामंडप. निवृत्त ब्रदर, समोर ती.]

गावात एक निवृत्त ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहेत. तीस वर्षं वॉर्डात काढली. ते रविवारी तिला गणितं घालतात. पाचशे मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट, म्हणजे सलाईनची नळी, वीस थेंबांना एक मिली सोडणारा. मिनिटाला किती थेंब? दहा हजार भागिले दोनशे चाळीस. "बेचाळीस, काका."

मग ऑक्सिजन. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर अडीच तास चालतो. "आणि काटा निम्म्यावर असेल तर?"

"सव्वा तास. इथून कराडला पुरेल."

"पावसाळ्यात?"

[तिचा चेहरा.]

[गोधडीची घडी. तिचे दोन्ही तळहात. बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या.]

हृदय बंद पडलं की छाती दाबायची असते, त्याचा सराव गोधडीवर चालतो. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गोधडीवर खोली कळत नाही, पण लय बसते. कोपर वाकलं की ब्रदर नुसतं बोट लावतात. दोन मिनिटांत तिचे खांदे भरून येतात, तरी ती मोजणं सोडत नाही.

[तालुक्याचा बाजार. भिंतीवर कोर्सच्या जाहिराती.]

आता या भिंतीकडे लक्ष द्या. पॅरामेडिकल, पॅरामेडिकल, पॅरामेडिकल. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, ऑपरेशन थिएटर सांभाळणारा, सगळे या एकाच शब्दात बसतात. अपघाताच्या जागी धावणाऱ्याचं शिक्षण वेगळं आहे. त्याला इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजी म्हणतात आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात त्याची स्वतंत्र नोंद आहे. म्हणून पैसे भरण्याआधी तिनं प्रत्येक ठिकाणी एकच कागद पुढे केला. पदवी कोणत्या विद्यापीठाची? या व्यवसायाच्या राज्य परिषदेकडे नोंदणी होते का? रुग्णालयात आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिकेत किती तास? एका संस्थेत तिला उत्तराऐवजी फीची पावती पुढे केली गेली. ती उठून आली. आम्हाला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

[सेतू केंद्र. रांग. हातात प्लास्टिकची फाइल.]

पैशांची तयारी मात्र या फाइलपासून सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे नवा एप्रिलमध्येच काढायचा. जूनमध्ये इथं पाय ठेवायला जागा नसते.

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. हे गावोगाव ओरडून सांगायला हवं, कारण एजंट नेमकं हेच सांगत नाही.

[रात्र. आई, वडील, मुलगी. खाली पसरलेला कागद.]

पण माफी फीची, जेवणाची नाही. हा कागद आईनं आखलाय. होस्टेल, मेस, अनामत, अॅप्रन, पुस्तकं, एसटी. शिष्यवृत्तीचे पैसे येतात ते उशिरा, पहिले तीन महिने घरूनच काढायचे. त्यासाठी बचत गटाचं कर्ज. त्यापुढे लागलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज, ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षानं सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. वडिलांनी ही ओळ दोनदा वाचायला लावली. म्हैस विकायची नाही, एवढंच ते बोलले.

[देवळामागचा चढ. दोन आकृत्या, उंच धरलेला फोन.]

महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी संकेतस्थळ. त्यावरच्या नोंदणीचा ओटीपी आईच्या फोनवर येतो आणि घरात रेंज नाही. नोंदणी करायला दोघी रोज संध्याकाळी या चढावर येतात. ओटीपीची वेळ संपायच्या आत आकडे टाकायचे. हा चौथा प्रयत्न.

[आई आकडे वाचते. मुलगी टाकते. दोघी स्क्रीनकडे बघतात.]

झाली.

[पाऊस. एसटी स्टँड.]

जागा मिळाली. पहिल्या यादीत नाही, दुसऱ्या यादीत. शिकून झाल्यावर नोकरीसाठी बाहेर जावं लागेल, कारण आपल्याकडे १०८ वर त्या जागी डॉक्टर असतो. खासगी रुग्णालयं, कारखाने, परराज्य, हे तिला ठाऊक आहे.

फाइल दोन पिशव्यांत गुंडाळलीय. एकोणसत्तर पानांची वही तिनं वेगळी, ओढणीखाली धरलीय.

[एसटी वळणावर. आई स्टँडवर उभी. गाडी दिसेनाशी होईपर्यंत शॉट कापायचा नाही.]