सशाला मागून बघा

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आजचा विषय सशांना पडणाऱ्या अळ्यांचा. माशी अंडी घालते, त्यातून अळ्या निघतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण घरभर फिरणारी माशी नेमकी सशाच्या शेपटीखालीच का बसते? आज मुख्यतः त्याबद्दलच बोलू.

"डॉक्टर, आमच्याकडे पिंजरा रोज धुतात," असं मला हमखास ऐकवलं जातं. धुवायलाच हवा. पण पिंजरा लखलखीत आणि ससा खालून ओला, असं सर्रास असतं. आपण ससा समोरून बघतो: कान, मिशा, हलणारं नाक. फोटोही तिकडूनच काढतो. माशी मात्र मागून येते. ओले केस, लघवीने भाजलेली कातडी, चिकटलेली विष्ठा यांचा वास तिला लांबून लागतो.

हा चिकटा येतो कुठून? सशाची लेंडी दोन प्रकारची. कोरड्या गोल लेंड्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या. त्या तो गुदद्वाराला तोंड लावून थेट खातो. किळस वाटून घेऊ नका, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. पण गाजर, केळं, पोळी, बिस्किटं आणि वाटी भरभरून पेलेट्स (विकत मिळणारं दाणेदार खाद्य) असा लाड चालला, की ही मऊ लेंडी जास्त आणि पातळ होते, तो ती खात नाही आणि ती केसांना माखते. जाड्या सशाचं तोंड तिथवर पोचतच नाही. म्हाताऱ्याचे सांधे दुखतात, दात वाढलेल्याला अंग चाटता येत नाही. परिणाम तोच.

लसूणघासाचंही बघा. गोठ्याजवळ सहज मिळतो, ससा आवडीने खातो. पण त्यात कॅल्शियम भरपूर. सशाच्या शरीरात जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी दाट, पांढुरकी होते आणि मांड्यांना लागत राहते. मोठ्या सशाचं मुख्य अन्न वाळलेलं गवतच असावं, पेलेट्स दिवसाला चमचा-दोन चमचे. माझ्या मते माशीविरुद्धचं सगळ्यात भरवशाचं औषध हे गवतच. ब्रिटनमध्ये अळ्यांची वाढ रोखणारं सायरोमॅझिन सशांच्या अंगाला लावतात, पण तेही आधीच पडलेल्या अळ्यांवर चालत नाही.

खिडकीला बारीक जाळी लावा, ओली गादी लगेच बदला. यावर जास्त बोलत नाही, हे तुम्ही करताच.

तपासायचं कसं, ते नीट ऐका. जमिनीवर बसा. सशाची पाठ तुमच्या पोटाला टेकवा, एक हात छातीखाली, दुसऱ्याने मागचे पाय आणि ढुंगण पेला. पाठीवर उताणा करू नका. घाबरून त्याने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. आता शेपटी उचला, जांघेतल्या घड्या उघडा, टाचा बघा. केसांच्या मुळाशी पिवळट-पांढरे, जेमतेम 1 मिलिमीटरचे दाणे पुंजक्याने चिकटलेले दिसले तर ती अंडी. उवांची बारीक फणी यासाठी उत्तम. पावसाळ्यात हे सकाळ-संध्याकाळ करायचं, कारण दमट उबेत अंडी 24 तासांच्या आत, कधी 8-10 तासांतही फुटतात. एक माशी एका वेळी दीड-दोनशे अंडी सहज घालते. आपल्या देशात स्क्रूवर्म माशीही आहे, तिच्या अळ्या जिवंत मांसच खातात. त्यामुळे टाचेवरची छोटी जखमही हलक्यात घेऊ नका.

अळ्या दिसल्याच, तर उद्यावर टाकू नका. एका दिवसात ससा जाऊ शकतो. तो ओरडणार नाही; कोपऱ्यात गप्प बसेल, खाणं सोडेल, एवढंच. वरवरच्या अळ्या चिमट्याने काढा आणि निघा. टबात बुडवून धुऊ नका: ओलं अंग माशीला बोलावतं आणि आधीच गारठलेला ससा आणखी गार पडतो. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात म्हणून सशावर ओतू नका. फिनेल, रॉकेलही नाही. केस चिकटले असतील तर कात्री चालवू नका, ही कातडी पातळ असते, सहज कापली जाते. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं फिप्रोनिल तर मुळीच नको. सशाला त्याने झटके येतात, जीवही जातो. अळ्या मारणारं आयव्हरमेक्टिन आम्ही देतो, पण वजन करून, मात्रा ठरवून. दुकानातून आणून स्वतः टोचायची ती गोष्ट नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, जखम साफ करायला भूल द्यावी लागेल, तर उपाशी आणायचं का? कुत्र्या-मांजराला सांगतो तसं इथे नाही. सशाला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचाल मंदावते. पिंजऱ्यात कोरडा टॉवेल अंथरा, मूठभर गवत टाका आणि तसाच घेऊन या.