निसर्ग: वादळाची उजवी बाजू

पडद्यावर आडवी झालेली दिसतात ती श्रीवर्धनच्या वाडीतली पोफळीची झाडे आहेत. 3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता. त्या दिवशी साऱ्यांची नजर मुंबईवर खिळली होती. घाव मात्र बसला तो श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड आणि दापोलीवर.

असे का झाले, ते उपग्रहाच्या या चित्रात नीट पाहावे. मे अखेरीस अरबी समुद्राचे पाणी चांगलेच तापलेले असते. त्यावरची बाष्पाने भरलेली हवा वर चढते, खालचा दाब उतरतो आणि तिथे चहूबाजूंनी धावून येणारा वारा पृथ्वीच्या परिवलनामुळे सरळ न येता, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, गरगरत येतो. हे चक्र ईशान्येकडे सरकत कोकणाला भिडले, तेव्हा त्याच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडच्या अंगाला वारा समुद्रावरून थेट गावांवर आला आणि वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही त्यात मिळाला. डावीकडे, मुंबईच्या अंगाला, वाऱ्याचा रोख त्या वेळी जमिनीकडून समुद्राकडे होता. वादळी लाटांचे पाणीही उजव्याच बाजूला अधिक चढते. म्हणून इशारा ऐकताना वादळ कुठे धडकणार एवढे विचारून भागत नाही. आपले गाव त्या ठिकाणाच्या कोणत्या बाजूला आहे, हेही विचारलेच पाहिजे.

छपरावरून उखडलेले हे पत्रे पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून पत्रे वाशांना पक्के बांधण्याचे काम पावसाळ्याआधीच उरकावे, आणि इशारा मिळताच होड्या वर ओढून पक्क्या इमारतीत जावे. वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधोमध असलेला शांत भाग, माथ्यावर आला की वारा एकाएकी पडतो. त्या वेळी कोणीही बाहेर पडू नये, कारण थोड्याच वेळात तो उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो.

या वादळात माणसे दगावली, वाड्या गेल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली.

ओडिशाने 1999 च्या महाचक्रीवादळानंतर किनाऱ्यावर निवारे बांधले, आणि 2013 मध्ये ‘फायलिन’ येण्यापूर्वी लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवले. कोकणातही किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या प्रत्येक गावाला चालत गाठता येईल, इतक्या जवळ असे निवारे उभे राहिले पाहिजेत.