मेंढी भिडूच्या हातावर

नमस्कार श्रोतेहो.

सांगली-साताऱ्याकडे पावसानं झड धरली की संध्याकाळी बाहेर पडायची सोय राहत नाही. मग कॉलेजच्या पोरांच्या खोलीवर, वाड्याच्या पडवीत, भाद्रपद आला की गणपतीच्या मांडवात राखणीला बसलेल्या कार्यकर्त्यांत, सगळीकडे पत्त्यांचा कॅट निघतो. चार डोकी जमली की मेंढीकोट. पण चौथा गडी नेमका नवखा असतो. ‘मला नाही येत’ म्हणून तो मोबाईल काढून बसतो आणि तिघांचं घोडं अडतं. आजचं बोलणं त्या चौथ्या गड्यासाठी आहे, आणि त्याला शिकवायला बसणाऱ्या तिघांसाठीही.

हाताशी कॅट असेल तर काढा. जोकर बाजूला ठेवा, पानं मोजा. 52 भरली पाहिजेत. एखादं पान हरवलं असेल तर जोकरवर पेनानं त्या पानाचं नाव लिहून चालवून घ्या, मात्र हरवलेलं पान मेंढी, म्हणजे दश्शी, किंवा एक्का असेल तर नवा कॅट आणलेला बरा. पाठीमागून ओळखू येणाऱ्या मेंढीनं खेळण्यात काही राम नाही. त्याच कारणासाठी भडंगाची परात पत्त्यांच्या जवळ ठेवू नका. तेलाचं एक बोट बदामाच्या मेंढीला लागलं की महिनाभर सगळ्यांना ती लांबूनच कळते.

तर मेंढी म्हणजे दश्शी. चार रंगांच्या चार मेंढ्या, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. त्या पकडायच्या, एवढाच खेळ. समोरासमोर बसलेले दोघं भिडू. प्रत्येकाला 13 पानं. एकानं पान उतरवायचं, म्हणजे उतारी करायची, बाकी तिघांनी त्याच रंगाचं पान टाकायचं, ज्याचं पान मोठं त्याचा हात, म्हणजे ती चारही पानं त्याची, आणि पुढची उतारीही त्याचीच. असे 13 हात होतात. पानांची उतरंड अशी: एक्का, राजा, राणी, गुलाम, त्याखाली मेंढी, मग नव्वी, अठ्ठी अशी दुर्रीपर्यंत. मेंढीच्या वर त्या रंगात चारच पानं आहेत, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडे, तिनं डाव जिंकला. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्यांचे झाले ते जिंकले. हात 13 असल्यामुळे बरोबरी होतच नाही. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या तर समोरच्यांवर, म्हणजे दुसऱ्या जोडीवर, कोट चढला, आणि तेराच्या तेरा हात गेले तर बावन्न पानी कोट. त्यानंतर आठवडाभर तोंड लपवत फिरावं लागतं, ते वेगळं. पकडलेली मेंढी सुलटी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची, बाकीचे हात पालथे.

वाटायच्या आधी पिसण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे आळस फार होतो. 1992 साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवून दिलं, की कॅटचे दोन भाग करून कडा फर्रकन एकमेकांत गुंफायच्या पद्धतीनं साधारण सात वेळा पिसलं, की पानं चांगली मिसळतात. आपण पिसतो ते बहुतेक तळहातावर, चार-पाच चळती वरखाली करून. त्यानं मागच्या डावातले हात तसेच राहतात, चार किलवर एकत्र, चार बदाम एकत्र. अशा कॅटमधून एकेक पान वाटलं तर ते चार किलवर चौघांना एकेक जातात आणि सगळ्यांचे पत्ते सारखेच, अळणी येतात. मेंढीकोटात आधी पाच-पाच, मग चार-चार, पुन्हा चार-चार वाटायची रीत आहे. तिच्यामुळे एखाद्याला सहा इस्पिक येतात, एखाद्याकडे चौकट औषधालाही नसतो, आणि डाव रंगतो. पावसाळ्यात कागदी पत्ते दमट होऊन चिकटतात, वाटताना दोन पानं एकदम जातात. म्हणून पहिली उतारी व्हायच्या आत प्रत्येकानं आपली 13 मोजायची. कुणाकडे 14 निघाली की पुन्हा पिसा, भांडत बसू नका.

आता हुकूम, म्हणजे बाकी तिन्ही रंगांवर भारी पडणारा रंग. उतारीचा रंग नसला की हुकमाचं पान मारून हात कापता येतो. हा ठरवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बंद हुकुमात एकजण आपल्यातलं एक पान पालथं ठेवतो. पुढे कुणाकडे उतारीचा रंग नसला की तो हुकूम उघडायला सांगतो. पालथं ठेवायचं पान आपल्या सगळ्यात लांब रंगातलं आणि बारीक असावं. तिथे मेंढी ठेवली, तर उघडल्यावर ती कुणाकडे आहे हे गावाला कळतं. कट हुकुमात हुकूम न ठरवताच खेळ सुरू होतो. ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचा रंग संपतो, तो जे पान टाकेल त्या रंगाचा हुकूम. नवख्याला कट हुकूमच शिकवावा. त्याला आधी चार-दोन हात नुसता रंगाला रंग टाकायची सवय होते, मग आपोआप हुकूम येतो. पहिल्याच डावाला बंद हुकूम, तो उघडायचे नियम, उघडणाऱ्यानं हुकूमच मारायचा की नाही, हे सगळं त्याच्या डोक्यावर ओतलं की तो उठून चहाला जातो.

एका गड्याचे तेरा पत्ते समोर मांडून बघू. कॅट असेल तर ही पानं काढा. इस्पिकचे राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, चौकी. बदामचे एक्का, मेंढी, तिर्री. किलवरचे एक्का, राणी, छक्की, दुर्री. चौकटची फक्त अठ्ठी. झाली तेरा. उतारी तुमची, कट हुकूम.

नवखा माणूस बदामचा एक्का मारतो, हात घेतो, आणि खुशीत बदामची मेंढी उतरवतो. राजा, राणी, गुलाम अजून बाहेर आहेत. समोरच्यांपैकी कुणाकडे एक जरी असला तरी मेंढी गेली. एक्क्यानं स्वतःच्या मेंढीला वाचवता येत नाही, दोन्ही पानं एका हातात पडत नाहीत.

त्यापेक्षा किलवरचा एक्का उतरवा. तुमच्याकडे चार किलवर, बाहेर नऊ. पहिल्या फेरीत तिघांकडेही किलवर असण्याची शक्यता शंभरात 95 हून थोडी जास्त. म्हणजे एक्का जवळजवळ खात्रीचा, आणि भिडूकडे किलवरची मेंढी असेल तर तो ती डोळे मिटून टाकू शकतो. दुसऱ्या फेरीत तिघांनाही रंग पुरण्याची शक्यता 67 वर येते, आणि तिसऱ्या फेरीत फक्त 11. ‘एक्का मागं ठेवतो, नंतर कामाला येईल’ म्हणणाऱ्यांचे एक्के कसे कापले जातात, त्याचा हा हिशेब.

मग चौकटची अठ्ठी काढून टाका. हात जाईल, जाऊ दे. आता तुमच्याकडे चौकट नाही. पुढे कुणी चौकट उतरवला, आणि तोवर दुसऱ्या कुणाचा रंग संपला नसेल, तर हुकूम तुम्ही पाडणार, आणि तो इस्पिक. तुमच्याकडे पाच आहेत. शेवटचं पान तुमचं असेल तर इस्पिकची चौकी पुरते. तुमच्यानंतर कुणी खेळायचं असेल आणि हातात चौकटची मेंढी पडलेली असेल, तर नव्वी किंवा गुलाम मारा. मागचाही चौकट नसलेला निघाला तर त्याला वरचढ पान लागलं पाहिजे.

इथे एक गंमत आहे. शेवटचं पान तुमचं असताना तुम्ही बदामची मेंढीच टाकली तर? हुकूम बदाम होतो, हात तुमचा, मेंढी पदरात. पण आता तुमच्याकडे हुकुमाची दोनच पानं उरली आणि पाच इस्पिक साधे झाले. एरवी हा सौदा आतबट्ट्याचा. मात्र तुमच्या जोडीकडे आधीच दोन मेंढ्या असतील, तर ही तिसरी. डाव तिथेच खिशात. तेव्हा खुशाल टाका.

आणि ही मेंढी एरवी वाचवायची कशी? भिडूच्या हातावर. तुमचा भिडू बदामचा राजा उतरवतो. एक्का तुमच्याकडे आहे, म्हणजे बदामात त्या राजावर कुणी जाऊ शकत नाही. कुणी कापलं नाही तर हात तुमच्याच घरात येणार, आणि पहिल्या फेरीला ती भीती थोडी. मेंढी टाका. नवखे इथे हमखास एक्का मारतात. राजाही गेला, एक्काही गेला, हात एकच मिळाला आणि मेंढी उघड्यावर राहिली. भिडूच्या जिंकलेल्या हातावर आपलं मोठं पान चढवणं, मेंढीकोटातली सगळ्यात महागडी चूक हीच. पान टाकायच्या आधी बघायचं ते हेच, की या घडीला हात कोणाचा आहे. भिडूचा असेल आणि मागे कुणी उरलं नसेल तर मेंढी तिथेच सोडायची. समोरच्याचा असेल तर बारीक पान. उतारीचा रंग नसेल आणि हुकूम पडून गेलेला असेल, तर भिडूच्या हातावर दुसऱ्या रंगाची मेंढीही चालते, हे अनेकांना सुचतच नाही.

याच्या उलट चूक म्हणजे मेंढी शेवटपर्यंत उरी धरून बसणं. हातात चार-पाच पानं उरली की निवड संपते, समोरचा ओळखून त्याच रंगाची उतारी करतो आणि तुम्हाला ती द्यावीच लागते.

सगळी पानं लक्षात ठेवायला कुणी सांगत नाही. सुरुवातीला चार एक्के गेले की नाहीत एवढंच बघा. मेंढ्या तर सुलट्याच असतात. नंतर राजे.

शिकवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दोन नवखे एका जोडीत बसवू नका. आणि पहिला डाव चौघांचेही पत्ते उघडे मांडून खेळा; दहा मिनिटं जातात, पण पुढचा तासभर ‘अरे, असं नाही’ ओरडावं लागत नाही. डाव चालू असताना भिडूला खाणाखुणा नाहीत. खोकणं, डोळा मारणं, पान आपटून टाकणं, सगळं रडीच्या डावात जमा.

वाद होतात ते रंग असूनही न टाकल्याचे. दोन पानं चिकटून राहतात, लाल-लाल म्हणून चौकट बदामात लावला जातो, आणि तीन हातांनंतर तो चौकट बाहेर येतो. दंड आधीच ठरवून ठेवा: तो हात आणि त्यातली मेंढी समोरच्यांची. पत्ते लावताना लाल, काळा, लाल, काळा असे रंग आलटून-पालटून धरले तर ही चूक निम्म्यानं कमी होते.

पिसायची पाळी हरलेल्यांकडे. वाटणाऱ्याची जोडी हरली तर तोच पुन्हा पिसतो, जिंकली तर पिसणं उजवीकडच्याकडे जातं. बावन्न पानी कोट बसला तर मात्र वाटणाऱ्याच्या भिडूनं पिसायचं, अशी रीत आहे. पैसे लावू नका; हरलेल्यांनी चहा करायचा, फार तर साताऱ्याचे पाव किलो कंदी पेढे आणायचे.

सहाजण जमले तर चारही दुर्र्या काढा. 48 पानं, प्रत्येकाला आठ, एकाआड एक बसलेले तिघं-तिघं भिडू. फक्त इथे हात आठच होतात, त्यामुळे मेंढ्या दोन-दोन आणि हात चार-चार अशी बरोबरी होऊ शकते. तेव्हा पिसणाऱ्याची बाजू हरली असं धरायचं की डाव नव्यानं वाटायचा, ते पहिली उतारी व्हायच्या आत बोलून घ्या.

नमस्कार.