सँक्शन म्हणजे मंजुरी की शिक्षा? एकदाचं मिटवूया

नमस्कार मंडळी. आज खरं तर दुसराच शब्द घेणार होते, पण मागच्या व्हिडिओखाली एकाच प्रश्नाचा इतका भडिमार झालाय की म्हटलं आधी हे निस्तरूया. प्रश्न असा की मॅडम, आमचं होम लोन सँक्शन झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि बातम्यांत रशियावर सँक्शन्स म्हटलं की अँकर घसा फाडून ओरडतो, हे काय गौडबंगाल आहे? एकाने तर विचारलंय, 'म्हणजे पुतीनचं पण लोन पास झालं का?' त्याला मी हार्ट दिलंय.

बेसिक पटकन उरकते. सँक्शन म्हणजे एक, मंजुरी. दोन, निर्बंध किंवा शिक्षा. दोन्ही बरोबर, दोन्ही डिक्शनरीत. मूळ लॅटिन, सेंट आणि सँक्च्युअरी हे त्याच घराण्यातले, म्हणजे काहीतरी पवित्र ठरवून त्याच्यावर शिक्कामोर्तब करायचं. आता शिक्का बसला की जे चौकटीत बसतं त्याला परवानगी आणि जो चौकट मोडेल त्याला दंड, इंग्रजीने दोन्ही टोकं धरून ठेवली. आणि इंग्रजीला हसू नका हं, आपण नारळ फोडतो आणि म्हणतो वाढवला, बांगडी फुटली तरी वाढवली, दुकान बंद करायचं तरी वाढवायचं, आणि पानात भात वाढतो तो वेगळाच!

आता खरी गोम. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. पुण्यात नोकरीला होते, मॅनेजर लंडनला बसायचे, मला गावी जत्रेला जायचं होतं. मी रजेचा मेल टाकला, 'प्लीज सँक्शन मी फ्रॉम ट्वेल्थ टू सिक्स्टीन्थ मे.' म्हणजे माझ्या डोक्यात, मला रजा मंजूर करा. त्यांचं उत्तर एका ओळीचं, की का, तू केलंयस काय? मला आधी कळलंच नाही, मी आपली घाबरून पुन्हा नम्रपणे लिहिलं की काहीच नाही केलं सर, तरी प्लीज सँक्शन मी. दोनदा शिक्षा मागितली बाईने.

चूक कुठे झाली? लीव्ह हा शब्द खाल्ला. सँक्शन माय लीव्ह, रजा मंजूर करा. सँक्शन मी, मला शिक्षा करा. क्रियापदाच्या पुढे काम आलं, रजा, लोन, खर्च, प्लॅन, तर मंजुरी. पुढे माणूस आला, कंपनी आली, देश आला, तर त्याचं काही खरं नाही.

हेच उलटं धरून बघा. 'ही वॉज सँक्शन्ड' ऐकलं तर त्याला काय मिळालं असं विचारायचं नाही, त्याने काय केलं असं विचारायचं. इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते, तिथे बेकारभत्ता घेणारा कुणी म्हणाला 'आय गॉट सँक्शन्ड', तर अभिनंदन करू नका, त्याचा भत्ता कापलाय किंवा थांबवलाय!

आणि नाम म्हणून आलं तर शेपटीचा एस बघा. बातम्यांतलं जवळजवळ नेहमी अनेकवचनी, सँक्शन्स, आणि मागोमाग ऑन किंवा अगेन्स्ट. सँक्शन्स ऑन इराण, सँक्शन्स अगेन्स्ट रशिया. मंजुरीवालं एकवचनी, आणि त्याला फॉर लागतो, सँक्शन फॉर द प्रोजेक्ट. 1998 च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने आपल्यावर सँक्शन्स लादले, तिथे तुम्ही 'इंडिया गॉट सँक्शन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल अमेरिकेने बॉम्बला परवानगीच दिली. एस खाऊ नका, हात जोडते. मागच्या वेळी एकांनी लिहिलं होतं, मॅडम एका एसने काय होतं. हे होतं.

आता एक वकीलसाहेब खाली येणारच, म्हणून आधीच सांगते. सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामाशी जोडलेल्या गुन्ह्यासाठी खटला चालवायचा तर सरकारचं सँक्शन लागतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 197, आता नव्या संहितेत 218. इथे माणूस अडचणीत आहे, तरी सँक्शन म्हणजे परवानगीच, कारण मंजूर काय होतंय? खटला. माणूस नाही. परत तेच, मंजूर होतंय ते काम.

फसतं कुठे, तर सँक्शन्ड हे विशेषण म्हणून आलं की. स्टेट-सँक्शन्ड म्हणजे सरकारची संमती असलेलं, आणि सँक्शन्ड ऑईल म्हणजे निर्बंधांत अडकलेलं तेल. तेल काही माणूस नाही, बरोबर, माझा नियम इथे लंगडतो, मान्य. तिथे आजूबाजूचं वाक्य वाचायचं, देशांची नावं आणि जहाजं दिसली की निर्बंध समजा.

सिनॉनिम्स मागितलेत ना, घ्या. मंजुरीसाठी रोजच्या बोलण्यात सरळ अप्रूव्ह वापरा. रजेला सँक्शन हे आपल्याकडच्या ऑफिसांचं लाडकं, बाहेर बहुतेक जण लीव्ह अप्रूव्ह्ड म्हणतात. ऑथराइज म्हणजे अधिकार देणं, रॅटिफाय म्हणजे आधी ठरलेल्या करारावर नंतर रीतसर शिक्का. शिक्षेच्या बाजूला पेनलाइज, आणि देशांचं असेल तर एम्बार्गो, पण एम्बार्गो म्हणजे मालाची ये-जा बंद, सँक्शन्समध्ये बँक खाती गोठवणं, व्हिसा नाकारणं असलं पण येतं. बॉयकॉट ह्यात घालू नका, तो बहिष्कार, तो लोकही टाकू शकतात. तो शब्द तर एका माणसाचं आडनाव आहे, आयर्लंडमधले कॅप्टन बॉयकॉट, जमीनदाराची वसुली बघायचे, 1880 मध्ये गावाने त्यांच्याशी सगळा व्यवहारच बंद केला, वाळीतच टाकलं म्हणा ना. जाऊ दे, विषय भरकटला.

आणि एक राग काढू दे. 'लोन सेक्शन झालं.' सेक्शन नाही हो, सेक्शन म्हणजे विभाग! आमच्या शेजारच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'आमचे लोन सेक्शन झाले, सर्वांचे आशीर्वाद.' खाली पंधरा जणांनी हात जोडले, एकानेही दुरुस्त केलं नाही. शिवाय काका, सँक्शन झालं म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही, ते डिसबर्सल, वेगळी पायरी. सँक्शन लेटरला मुदत असते, ती आधी वाचा, मग पेढे.

ज्यांना अजून घोळ वाटतोय त्यांनी घरचं महावितरणचं बिल काढा, त्यावर मंजूर भार म्हणून किलोवॅटमध्ये आकडा असतो. तोच सँक्शन्ड लोड. तो बघून मला कमेंटमध्ये सांगा, ही मंजुरी की शिक्षा. बिलाची रक्कम बघून उत्तर देऊ नका!

चला, येते मी. म्हणजे जाते.